वय की उणीव? वॉटफर्डच्या मावशीने विचारलेला प्रश्न

आपल्या बेटावरील अनेक मराठी घरांत हल्ली एक गोष्ट नेमाने घडते. इंग्लंडला किंवा फ्रान्सला राहणारे नातेवाईक सुट्टीत यावयाचे असले, की त्यांना आधी एक यादी पाठविली जाते. पूर्वी या यादीत लोकरीचे स्वेटर, बिस्किटांचे डबे आणि मुलांसाठी शब्दकोश असत. आता गोळ्यांच्या बाटल्या असतात. गुडघ्यांसाठी एक, केसांसाठी एक, स्मरणशक्तीसाठी एक, आणि अलीकडे वय थोपवून धरणारी म्हणून आणखी एक. वडीलधाऱ्यांविषयी माया असते म्हणूनच ही यादी लिहिली जाते, हे आम्ही जाणतो. आम्हीही अशी एक यादी खिशात घालून २०२४ च्या डिसेंबरात, शाळेच्या वर्षअखेरच्या सुट्टीत, वॉटफर्डला गेलो होतो. त्या यादीचे पुढे काय झाले ते आज वाचकांपुढे मांडीत आहोत. आमच्या घराला त्यातून जो धडा मिळाला तो उशिरा मिळाला. दुसऱ्या कोणत्या घराला तो वेळेवर मिळावा, एवढाच हेतू.

आधी आमच्या आईविषयी सांगितले पाहिजे. ती तेव्हा शहात्तर वर्षांची होती. तिला मधुमेह आहे, यात नवल नाही. मॉरिशसमधील प्रौढांपैकी सुमारे पाचवा हिस्सा या रोगाने ग्रासलेला आहे. सरकारी दवाखान्यातून मिळणारी मेटफॉर्मिनची गोळी ती अकरा वर्षे न चुकता घेत होती. परंतु गेली दोन वर्षे आई बदलत चालली होती. पायांना सतत मुंग्या येत. वहाण पायातून सुटली तरी तिला कळत नसे. ओसरीच्या पायऱ्यांवर ती दोनदा पडली. दूध तापत ठेवून विसरे, आणि शेजारच्या घरी जाऊन आली तरी दमून बसे. आम्ही भावंडांनी एकमेकांकडे पाहून एकच वाक्य म्हटले : आईचे आता वय झाले.

धाकट्या भावाला हे सोसवेना. त्याने फोनवर जाहिराती पाहिल्या, दोन-चार व्याख्याने ऐकली आणि यादी तयार केली. तीत एनएमएन नावाची भुकटी होती, रेझव्हेराट्रॉलच्या गोळ्या होत्या, अश्वगंधा होती, त्वचेसाठी कोलॅजन होते. गुळवेलीची पूड त्याने भारतातून आधीच मागविली होती आणि आई ती रोज सकाळी कोमट पाण्यातून घेत होती. "दादा, पैशांचे मी पाहतो. तू फक्त घेऊन ये," असे त्याने आम्हांस विमानतळावर सांगितले.

मावशीच्या खिडकीतील एकच बाटली

वॉटफर्ड हे लंडनच्या वायव्येस, हार्टफर्डशर परगण्यातील शहर. यूस्टन स्थानकातून आगगाडी वीस मिनिटांच्या आसपास तेथे पोहोचविते. आमची मावशी तेथे राहते. बेट स्वतंत्र झाल्यावर पुढील काही वर्षांत आपल्याकडील कितीतरी तरुण मुली-मुलगे परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडला गेले, मावशी त्यांपैकीच. १९७३ साली ती विशीत निघाली आणि चाळीस वर्षे तिने रुग्णसेवा केली. आता ती निवृत्त आहे. मात्र कोणी खुर्चीतून उठताना हात टेकला, तरी तिचे डोळे अजूनही त्या हाताकडे जातात.

मावशीच्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी मीठ-मसाल्याच्या डब्यांशेजारी गोळ्यांची एकच बाटली होती. आम्हांस वाटले होते, इतकी वर्षे विलायतेत काढलेल्या बाईकडे कपाटभर औषधे असतील. आम्ही ती बाटली हाती घेऊन पाहिली. 'ड' जीवनसत्त्व, दहा मायक्रोग्रॅम. दुकानातील अगदी साधी, स्वस्त गोळी.

"हीच तुझी तारुण्याची गोळी का?" आम्ही थट्टेने विचारले.

मावशीने खिडकीबाहेर बोट दाखविले. दुपारचे पावणेचार वाजले होते आणि दिवे लागणीची वेळ झाली होती. "बाळ, हा सूर्य बघ," ती म्हणाली. "आपल्या बेटावर जो सूर्य आहे तोच हा. पण इथे हिवाळ्यात तो माझ्या कामाचा नाही. मला जे उणे पडते ते मी भरते. तारुण्य कुठले आले आहे त्यात!"

यातील शास्त्र आम्ही नंतर समजून घेतले. उन्हातील विशिष्ट किरण त्वचेवर पडले की शरीर 'ड' जीवनसत्त्व स्वतः तयार करते. हे जीवनसत्त्व नसेल तर अन्नातील कॅल्शियम शरीराला नीट घेता येत नाही, हाडे मऊ पडतात व स्नायू दुबळे होतात. इंग्लंडसारख्या उत्तरेकडील देशात ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत सूर्य इतका खाली असतो, की ते किरण पुरेसे पोहोचतच नाहीत. त्यात आपली सावळी त्वचा. ऊन सोसण्यासाठी ती घडलेली असल्याने थोड्या उन्हात तिचे भागत नाही. म्हणून २०१६ पासून तेथील आरोग्य खात्याचा सल्ला असा आहे, की शरद व हिवाळ्यात सर्वांनीच रोज दहा मायक्रोग्रॅम घेण्याचा विचार करावा, आणि दक्षिण आशियाई वा आफ्रिकी वंशाच्या लोकांनी तो वर्षभरासाठी करावा. त्याच सल्ल्यात हेही सांगितले आहे, की दिवसाला शंभर मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. जास्त झाले तर रक्तातील कॅल्शियम वाढून अपाय होतो.

मावशीने या उणिवेचे फळ प्रत्यक्ष पाहिले होते. १९६० च्या दशकाच्या आरंभी ग्लासगोमधील भारतीय-पाकिस्तानी मुलांत मुडदूस आढळल्याचे डॉक्टरांनी नोंदविले. इंग्लंडमधून हा रोग गेला असे लोक समजू लागले होते, तोच तो आपल्या लोकांच्या मुलांत दिसला. १९८० च्या दशकाच्या आरंभी सरकारने मुडदुसाविरुद्ध खास मोहीम काढली. पाय धनुष्यासारखे वाकलेली मुले मावशीने त्या काळी पाहिली. थेंबभर जीवनसत्त्वाने ती सुधारतानाही पाहिली. म्हणून तिचा गोळीवर विश्वास आहे, आणि कशासाठी आहे हे तिला पक्के ठाऊक आहे.

हीच गोळी उणीव नसलेल्या माणसाला दिली तर? अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली. तीत पन्नाशीच्या पुढचे २५,८७१ स्त्री-पुरुष होते. त्यांतील निम्म्यांना रोज पन्नास मायक्रोग्रॅम 'ड' जीवनसत्त्व दिले आणि बाकीच्यांना नुसतीच दिसायला तशी गोळी. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की सर्वसाधारण निरोगी माणसांत हाडे मोडण्याचे प्रमाण गोळीने कमी झाले नाही.

यादीची तपासणी

रात्री जेवणे झाल्यावर आम्ही भावाची यादी मावशीपुढे ठेवली. तिने चष्मा लावला आणि शाळेतील उत्तरपत्रिका तपासावी तशी ती वाचली.

एनएमएन. हा पदार्थ शरीरात गेल्यावर एनएडी नावाचे रसायन तयार होण्यास मदत होते. पेशींना ऊर्जा वापरण्यासाठी एनएडी लागते, आणि वयाबरोबर ते घटते असे दिसून आले आहे. उंदरांवरील प्रयोगांत काही चांगले परिणाम दिसले. माणसांवर झालेले प्रयोग मात्र लहान व थोड्या मुदतीचे आहेत. रक्तातील एनएडी वाढते एवढे त्यांतून कळते. त्यामुळे माणूस अधिक जगतो किंवा म्हातारपण लांबते, हे कोणी दाखवून दिलेले नाही.

रेझव्हेराट्रॉल. द्राक्षाच्या सालीत व तांबड्या वाइनमध्ये असणारे हे द्रव्य. २००६ साली लठ्ठ उंदरांवरील प्रयोगाची बातमी जगभर गाजली. २००८ साली ग्लॅक्सो स्मिथक्लाइन या कंपनीने या विषयावर काम करणारी सर्ट्रिस ही कंपनी ७२ कोटी डॉलरना विकत घेतली. २०१३ साली तिने ती बंद करून टाकली. साधारण आहारावरील उंदरांना अमेरिकन सरकारच्या प्रयोगशाळांतून हेच द्रव्य देऊन पाहिले, तेव्हा त्यांचे आयुष्य वाढले नाही. दुकानांत मात्र बाटल्या अजून आहेतच.

आम्ही म्हटले, "बरे, फायदा नसेल, पण तोटा तर नाही ना?"

यावर मावशीने फिनलंडची गोष्ट सांगितली. १९५६ साली डेनहॅम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने असा विचार मांडला, की शरीरात तयार होणारे काही चंचल कण पेशींना झिजवितात आणि तेच वार्धक्याचे मूळ आहे. मग हे कण शमविणारी जीवनसत्त्वे घेतली की वय थोपेल, असे लोकांस वाटू लागले. फिनलंडमध्ये २९,१३३ विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. गाजरातील बीटा-कॅरोटिन गोळीरूपाने दिल्यास फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी आशा होती. १९९४ साली निष्कर्ष आला तेव्हा सगळे चकित झाले : गोळी घेणाऱ्यांत हा कर्करोग अठरा टक्क्यांनी अधिक होता. अमेरिकेतील तशीच दुसरी चाचणी १९९६ साली मुदतीपूर्वी थांबवावी लागली. गाजर खाणे निराळे आणि गाजरातील एक द्रव्य मुठीने खाणे निराळे.

"आणि ही गुळवेलीची पूड?" मावशीने विचारले. "ही कोणी सांगितली?"

आम्ही गप्प राहिलो. आपल्या पूर्वजांच्या वनस्पतींविषयी आम्हांस आदर आहे. आमची आजी काढे करी, आणि पोर्ट लुईच्या बाजारातील 'तिझान'ची दुकाने आजही अनेकांच्या उपयोगी पडतात. तथापि २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी एक अहवाल प्रसिद्ध केला, तो डोळ्यांआड करून चालणार नाही. कोविडच्या साथीत प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेल घेणारे सहा रुग्ण यकृताला इजा होऊन त्यांच्याकडे आले होते. भारताच्या आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल त्यात आली असावी असे त्याचे म्हणणे पडले. वाद विद्वानांनी सोडवावा. आपल्यापुरता प्रश्न साधा आहे : पाकिटात नेमकी कोणती वेल आहे, हे आमच्या आईने कसे ओळखावे? अमेरिकेतील बॉस्टनच्या परिसरात भारतीय वाण्यांच्या दुकानांतून घेतलेली सत्तर आयुर्वेदिक औषधे २००४ साली तपासली गेली, तेव्हा चौदांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. अश्वगंधेवर तर डेन्मार्कने २०२३ साली बंदीच घातली.

ओव्हल्टीनचा कारखाना

दुसऱ्या दिवशी मावशीने आम्हांस कॅशिओबरी बागेतून कालव्याकाठी फिरावयास नेले आणि नंतर आगगाडीने एक स्थानक पुढे, किंग्ज लँगली येथे. रुळांच्या कडेलाच एक लांबलचक पांढरी इमारत आहे. एके काळी येथे ओव्हल्टीन तयार होत असे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे व्हान्डर घराण्याने १९०४ साली माल्ट, दूध व अंडी यांचे हे पेय बाजारात आणले, आणि १९१३ च्या सुमारास इंग्लंडमधील कारखाना येथे उभा राहिला. कंपनीने जवळच कोंबड्यांचे व गायींचे आदर्श फार्म बांधले होते. मुलांसाठी तिने १९३० च्या दशकात रेडिओवर क्लबही चालविला. २००२ साली उत्पादन बंद झाले. दर्शनी भिंत तशीच ठेवून आत आता लोकांची राहती घरे आहेत.

आमच्या लहानपणी आजारातून उठलेल्या मुलाला ओव्हल्टीन मिळे. आम्ही त्या इमारतीसमोर उभे राहून थोडे हळवे झालो. मावशी म्हणाली, "अशक्त पोराला दूध-अंडे पोटात गेले की ते बरे होई. डब्यावरच्या चित्राने होत नसे."

आयुष्य डब्यात भरून विकण्याची आणि विकत घेण्याची हौस जुनीच आहे, आणि ती केवळ गोऱ्यांची नाही. च्यवन ऋषींना अश्विनीकुमारांनी पुन्हा तरुण केले ही कथा आपल्या घरोघरी माहीत आहे; आवळ्याचा च्यवनप्राश त्यांच्याच नावाने विकला जातो. चरकसंहितेत रसायनाचे मोठे प्रकरण आहे. १९३८ साली पंडित मदनमोहन मालवीय यांनी वयाच्या शहात्तराव्या वर्षी कायाकल्पाचा प्रयोग स्वतःवर करवून घेतला आणि वर्तमानपत्रांत त्याची फार चर्चा झाली. त्यानंतर आठ वर्षांनी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ते निवर्तले. एवढ्या थोर, विद्वान पुरुषालाही हा मोह झाला, तर आमच्या भावाला का दोष द्यावा?

मुंबईच्या गिरणीतील बायका

तिसऱ्या दिवशी न्याहारीला मावशी पावावर काळसर, खारट मार्माइट लावीत होती. यीस्टपासून केलेला हा पदार्थ आपल्या बेटावरही पुष्कळांना ठाऊक आहे. तो पाहून तिने जी हकिकत सांगितली ती आपल्या पूर्वजांच्या मुलखातील आहे.

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईस गेल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत आणि त्यांतील कित्येक दगावत. विल्सबाईंनी त्यांच्या रक्ताबरोबर त्यांचे ताटही तपासले. माकडांवर प्रयोग केले. तसल्या ताटावर जगणाऱ्या माकडांना मार्माइट दिले तेव्हा ती सुधारली, आणि मग त्या बायकाही सुधारल्या. हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. मार्माइटमध्ये असे काय आहे ते पुढे दहा वर्षांनी कळले : पालेभाजीत असते ते फोलिक आम्ल. आज गरोदर स्त्रियांना जगभर जी गोळी देतात तिची मुळे मुंबईच्या गिरणगावात आहेत.

"विल्सबाईंनी आधी काय विचारले?" मावशी म्हणाली. "या बाईला काय द्यावे, हे नाही विचारले. हिच्या ताटात काय नाही, हे विचारले. आता तू सांग, तुझ्या आईच्या ताटात काय नाही?"

आम्ही आठवू लागलो. बाबा गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षे, आईने मासळी व अंडी सोडली होती. दूध पचत नाही म्हणून चहापुरतेच. ताटात भात, डाळ, भाजी, लोणचे. मावशीने पुढचा प्रश्न केला : "आणि मेटफॉर्मिन किती वर्षे?" आम्ही म्हटले, अकरा. मावशीने पाव खाली ठेवला.

तिने समजावून सांगितले ते असे. 'ब-१२' जीवनसत्त्व १९४८ साली सापडले. मज्जातंतूंचे आवरण व रक्त यांसाठी ते अत्यावश्यक आहे. ते मासे, मांस, अंडी व दूध यांतून मिळते. भाजीपाल्यातून मिळत नाही. वयाबरोबर पोटातील आम्ल घटते, त्यामुळे अन्नातील 'ब-१२' सुटे होऊन अंगी लागत नाही. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास ते शोषण आणखी कमी होते. ब्रिटनच्या औषध-नियंत्रण संस्थेने २०२२ साली डॉक्टरांना याविषयी सावध केले, आणि लक्षणे दिसल्यास रक्त तपासावे असे सांगितले. यकृतात या जीवनसत्त्वाचा साठा काही वर्षे पुरतो, म्हणून उणीव हळूहळू, चोरपावलांनी येते. मग पायांना मुंग्या, तोल जाणे, थकवा, विसराळूपणा. म्हणजे ज्याला आपण वय म्हणतो, नेमके तेच.

आपल्या लोकांत ही उणीव विरळा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. काही खेड्यांतील, काही झोपडपट्टीतील, काही शहरी मध्यमवर्गीय. २००६ साली त्यांनी प्रसिद्ध केले, की त्यांतील ६७ टक्क्यांत 'ब-१२' कमी होते, आणि खाऊनपिऊन सुखी अशा शहरी मध्यमवर्गात ते सर्वांत अधिक आढळले.

एक गमतीची गोष्ट मावशीने जाता जाता सांगितली. आपल्या दवाखान्यात फुकट मिळणारे हे मेटफॉर्मिन फ्रान्सच्या जाँ स्टर्न या डॉक्टरांनी १९५७ साली मधुमेहावर प्रथम वापरले. आज अमेरिकेत मधुमेह नसलेली काही श्रीमंत माणसे हेच औषध वय लांबावे म्हणून घेतात, आणि ते खरोखर उपयोगी आहे का हे तीन हजार वृद्धांवर तपासून पाहण्याची योजना तेथील शास्त्रज्ञांनी मांडली आहे. आमची आई वय लांबविणारी म्हणून नावाजलेली गोळी अकरा वर्षे घेतच होती. तिच्या शेजारी जे हवे होते, तेवढेच नव्हते.

आईचे पाय

त्याच संध्याकाळी मावशीने फोन केला. बेटावर तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते. बहिणी-बहिणींचे बोलणे झाल्यावर तिने भावाला बोलाविले. गुळवेल थांबवावयाची, मेटफॉर्मिन मात्र स्वतःच्या मनाने थांबवावयाचे नाही, आणि आठवड्याच्या आत 'ब-१२' ची तपासणी. फोलिक आम्लाच्या गोळ्याही आपल्या मनाने सुरू करू नका, असे तिने बजाविले. त्या रक्त सुधारतात, पण 'ब-१२' ची उणीव झाकून ठेवतात आणि मज्जातंतू आतून बिघडत राहतात.

अहवाल आला तेव्हा आम्ही परतलो होतो. आकडा इतका खाली होता, की डॉक्टरांनी त्याच दिवशी पहिली सुई टोचली. प्रथम एकाआड एक दिवस, नंतर काही महिन्यांनी एक अशी इंजेक्शने ठरली. दीड महिन्यात आईचा थकवा ओसरला. ती पुन्हा देवळात जाऊन भजनाला बसू लागली. दूध उतू जाणे जवळजवळ थांबले. सहा महिन्यांनी ती ओसरीच्या पायऱ्या कठड्याला न धरता उतरली, तेव्हा भावाने तोंड फिरवून डोळे पुसले.

परंतु डाव्या पायाची बोटे अजून बधिर आहेत, आणि तशीच राहतील असे डॉक्टर म्हणतात. मज्जातंतूंची इजा फार दिवस चालली तर ती पूर्ण भरून येत नाही. ती दोन वर्षे आम्ही दवडली. दवाखान्यात आईच्या साखरेचा आकडा पाहिला जात होता. पायांविषयी आम्हीच कोणी बोललो नाही, कारण आमच्या मते ते वय होते. आम्ही शिक्षक आहोत. एखादा मुलगा फळ्याकडे पाहून डोळे बारीक करतो तेव्हा त्याला मंद ठरविण्यापूर्वी चष्म्याची चौकशी करावी, हे आम्ही प्रशिक्षणात शिकलो आणि वर्गात पाळतो. स्वतःच्या आईच्या बाबतीत तेवढे सुचले नाही, याची खंत राहील.

पूरक म्हणजे काय?

भूमितीत आपण पूरक कोन शिकतो. दिलेला कोन १२० अंशांचा असेल तर त्याचा पूरक ६० अंशांचा. कोन १५० चा असेल तर पूरक ३० चा. पूरक किती हवा ते आधीच्या कोनावरून ठरते, आणि तो कोन आधीच १८० चा असेल तर पूरक शून्य. पूरक गोळ्यांचेही तसेच आहे. आधीचा कोन न मोजता पूरक विकत घेणे म्हणजे प्रश्न न वाचता उत्तर लिहिणे. अमेरिकेतील सुमारे ३ लाख ९० हजार निरोगी प्रौढांच्या वीस वर्षांहून अधिक काळाच्या नोंदी २०२४ साली अभ्यासल्या गेल्या; रोज मल्टिव्हिटॅमिन घेणारे लोक न घेणाऱ्यांपेक्षा अधिक जगले असे दिसले नाही.

तेव्हा वाचकहो, यादी पाठविण्यापूर्वी घरात पुढील चौकशी करावी असे आम्ही सुचवितो. वडीलधाऱ्यांच्या ताटात काय येते आणि काय येणे थांबले आहे, हे चार दिवस लक्ष देऊन पाहावे. ते कोणती औषधे किती वर्षे घेत आहेत ते कागदावर लिहावे, आणि त्यात परदेशी बाटल्या, पुड्या व काढेही लिहावेत. मधुमेह असून मेटफॉर्मिन चालू असेल, मासे-अंडी वर्ज्य असतील, पायांना मुंग्या येत असतील, तर तो कागद डॉक्टरांपुढे ठेवून 'ब-१२' विषयी विचारावे. घराबाहेर न पडणाऱ्या आजीला आपल्या लखलखीत बेटावरही 'ड' जीवनसत्त्व कमी पडू शकते, हे ध्यानात ठेवावे. आणि कोणतेही चालू औषध कोणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नये.

उरले वार्धक्य. ते येणारच. ते सुसह्य करण्यासाठी जे खात्रीने उपयोगी आहे ते बाटलीत मिळत नाही : आठवड्याला दीडशे मिनिटे झपझप चालणे, दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असे काम, तंबाखू वर्ज्य, रक्तदाब व साखर आटोक्यात. चरकाने रसायनाच्या प्रकरणात आवळ्याबरोबर आचाररसायनही सांगितले आहे : सत्य बोलणे, राग आवरणे, वेळेवर झोपणे, वडिलांची सेवा करणे. आमच्या घरात सध्या तेच चालू आहे. रोज संध्याकाळी ऊन उतरल्यावर भाऊ आईला घेऊन वळणावरच्या आंब्यापर्यंत जातो व परत येतो. यादीसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून त्याने ओसरीच्या पायऱ्यांना दुसऱ्या बाजूनेही कठडा लावून घेतला. आई म्हणते, तिला त्याची गरज नाही. तरी तो असू दे, असे आम्ही तिला सांगितले आहे.